कंट्रोलरतात्या मेल सोडतात

आमच्या वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. त्या पाटीखालीच संगणकाचं टेबल आहे, आणि टेबलाशी बसून कंट्रोलरतात्या खणखणीत आवाजात पुकारा करतात, “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. आष्ट्याहून निघणारी मेल थोड्याच वेळात सुटत आहे. कुणाचे काही राहिले असल्यास त्यांनी त्वरित चढवून घ्यावे.” मग ते कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, डावीउजवीकडे नीट पाहून घेतात आणि तर्जनीनं ‘सेंड’चं बटण दाबतात. दाबल्यावर हात तसाच वर धरून ठेवतात. मेल गेल्याचं पडद्यावर उमटलं की हात खाली येतो.

पेपर वाचायला येणारी मंडळी सुरुवातीला दचकायची. एका गृहस्थांनी तर माझ्याकडे तक्रारही केली. आता कुणी मान वर करत नाही. उलट एखाद्या दिवशी तात्या आले नाहीत तर तेच गृहस्थ विचारतात, “आज गाड्या बंद आहेत का?”

तात्यांचं खरं नाव शामराव खोत. सगळी नोकरी एसटीत, आणि त्यातली बहुतेक वर्षं स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागं, माईकसमोर गेलेली. वाहतूक नियंत्रक हा शब्द फक्त पगाराच्या कागदावर. गावाच्या तोंडी कंट्रोलर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कुठलीही गोष्ट स्टँडवर नेऊन उभी केल्याशिवाय त्यांना कळत नाही.

मी या वाचनालयाची ग्रंथपाल. कुणीतरी देणगी दिलेले संगणक माझ्याकडे धूळ खात पडले होते. कार्यकारिणीनं एकमतानं ठराव केला की ज्येष्ठ नागरिकांसाठी संगणकाचा मोफत वर्ग चालवावा. ठराव त्यांनी केला आणि वर्ग माझ्या गळ्यात पडला. पहिल्या दिवशी खोली भरली होती. चहा मिळत नाही असं कळल्यावर निम्मी रिकामी झाली. पुढं लग्नसराई आली, उसाला तोडी आल्या, आणि शेवटी टिकले दोघंच. एक शौकतभाई मुल्ला, जुने शिंपी. पुण्याकडची गिऱ्हाइकं मापं मेलनं पाठवायला लागली म्हणून ते आले होते. आणि दुसरे कंट्रोलरतात्या.

पहिल्याच दिवशी तात्यांनी मला घेरलं.

“म्याडम, ही इंटरनेट म्हणत्यात, तिचा डेपो कुठं आला?”

मी आपलं सांगितलं, की जगभर मोठमोठे संगणक असतात, ते एकमेकांना जोडलेले असतात, सगळं त्यांच्यातून फिरतं.

“म्हंजे लय डेपो हायती. बरं. आन् त्या समद्यांवर मॅनेजर कोण?”

“तसा एकच कुणी नाही.”

तात्यांनी चष्मा काढला. शौकतभाईंकडे पाहिलं. “बिनमॅनेजरचा कारभार! ऐकलं का, शौकतभाई? आन् चाललंय म्हणं!” त्यानंतर कधी नेट बंद पडलं की ते समाधानानं मान हलवायचे. बघा, मी म्हणत होतो.

पण एकदा गाडी रुळली, म्हणजे तात्यांच्या भाषेत रूटला लागली, की त्यांना अडवणं कठीण. इनबॉक्स म्हणजे आलेल्या गाड्यांचा फलाट. ड्राफ्ट म्हणजे गाडी लावलीय पण ड्रायव्हर चहाला गेलाय. ‘अ‍ॅट’चं ते चिन्ह त्यांनी बोटानं गिरवून पाहिलं आणि म्हणाले, “चौकातनं वळसा घालून जायाचं, एवढंच की.” आणि स्पॅम त्यांना मी समजावून सांगायच्या आधीच समजलं. लॉटरी लागल्याची, बँक खातं बंद पडणार असल्याची ती पत्रं एका बाजूला पडलेली पाहून ते एकच शब्द बोलले, “वडाप.”

स्टँडच्या फाटकाबाहेर जीप लावून ‘चला सांगली, सांगली’ ओरडणाऱ्या वडापवाल्यांशी तात्यांनी जन्मभर वैर केलं. ते वैर आता कामी आलं. “वडापवाल्याला जबाब द्याचा न्हाई. नुसतं बघितलं तरी हात धरून बसवत्यात,” असा त्यांनी शौकतभाईंना दम भरला. मी सुरक्षिततेवर तयार केलेलं व्याख्यान तसंच पिशवीत परत गेलं.

पासवर्डच्या बाबतीत मात्र आमची अब्रू गेली. तात्या जे टाइप करतात ते मोठ्यानं म्हणतात. पासवर्डसुद्धा. तो अख्ख्या वाचनालयाला पाठ झाला. बदलला, तर बदललेलाही झाला. शेवटी मी तोंडावर हात ठेवून टाइप करायला लावलं, तेव्हा दुसऱ्या हाताच्या एका बोटानं त्यांना एवढा वेळ लागायचा की शौकतभाई मध्येच नमाज पढून परत यायचे.

सरावासाठी मी दोघांना एकमेकांना मेल पाठवायला सांगितलं होतं. दोघं शेजारीशेजारी खुर्च्यांवर. तात्यांनी पुकारा करून पहिली मेल सोडली. शौकतभाईंनी ती उघडून अक्षरं लावत वाचली. ‘शौकतभाई मुल्ला यांस. आपल्या डोक्यावरील पंखा बंद करावा, मला सर्दी आहे. आपला, शा. ज्ञा. खोत, निवृत्त वाहतूक नियंत्रक.’ शौकतभाई उठले, पंखा बंद केला आणि खुर्चीत बसून उत्तर लिहिलं, ‘केला.’ तात्यांनी ते उत्तर तीनतीनदा उघडून पाहिलं. मला म्हणाले, “गेलेली गाडी फिरून आली की बरं वाटतं बगा.”

त्याच दिवशी शौकतभाईंनी सहज विचारलं, “तात्या, माझं ठीक हाय, मला मापं लागत्यात. तुमी कशापायी शिकताय?”

“सुरेखासाठी,” तात्या म्हणाले. “पोरगी हाय माझी. हैदराबादला असती. माझ्यासंगं बोलत न्हाई.”

पुकाऱ्यात गाडी कुठून कुठं जाते हे सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं. पुढचं त्यांनी त्या आठवड्यात तुकड्या-तुकड्यानं सांगितलं.

तात्यांचा एक नियम गावात प्रसिद्ध होता. गाडी कुणासाठी थांबवायची नाही. सरपंच असो, नवरदेव असो. वेळ झाली की पुकारा, कंडक्टरला खूण, डबल घंटी. ‘गाडी सुटली म्हंजे सुटली’ हे त्यांचं पालुपद. सुरेखाचं शिक्षण संपलं आणि सांगलीला एका कंपनीत मुलाखतीला बोलावणं आलं. त्या सकाळी तिला उशीर झाला. ती फाटकातून पळत येताना तात्यांना खिडकीतून दिसली. हातात फाइल, एक चप्पल तुटलेली. तात्यांनी घड्याळ बघितलं आणि कंडक्टरला खूण केली.

मुलाखत हुकली. पोरगी दोन दिवस रडली, मग सावरली. पुढं शिकली, प्राध्यापक झाली. एका बसवरून कुणी बापाशी जन्माचा अबोला धरत नाही, असं मला वाटलं आणि मी तसं म्हटलंही.

“गाडीवरनं न्हाई धरला,” तात्या म्हणाले. “मी ते सांगत फिरलो. स्टँडवर, पारावर. सोताच्या पोरीसाठनं पन थांबवली न्हाई म्हणून. लोकं वा वा करायची. तिच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत तिच्या सासऱ्याला सांगितलं. कशी तुटक्या चपलेनं पळत हुती, त्ये पळून दावलं. समदी हसली.”

तिनं नंतर बापाशी बोलणं सोडलं. फोन यायचा, तात्यांनी उचलला की पलीकडून आवाज येई, ‘आईला द्या.’ तात्या ‘अगं ए’ म्हणून फोन देत. हौसाकाकी, म्हणजे तात्यांच्या घरच्या, बोलत बसायच्या, आणि तात्या पेपर धरून शेजारी बसून फोनातून येणारा तिचा नुसता आवाज ऐकायचे. हौसाकाकी गेल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून फोन नाही.

“आईला द्या म्हणायला आता आई न्हाई,” ते म्हणाले.

“मग तुम्ही लावा की फोन.”

“लावला हुता. तिनं ‘बोला’ म्हटलं. माझा जल्म माईकवर गेला, म्याडम. मी बोलायचं आन् लोकांनी ऐकायचं. फिरून कोन बोललं की मला सुचतच न्हाई. ठिवून दिला.”

म्हणून मेल. सुरेखाचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. सांगलीला शिकत असताना तिनं तो काढला होता आणि नवलाईनं बापाकडून घोकून घेतला होता. त्यांनी तो टाइप केला. मेलमध्ये लिहिलं, ‘चि. सुरेखास. येथील सर्व क्षेम. पाऊस बेताचा. परसातला फणस यंदा लागला आहे. मी मेल शिकलो आहे. शा. ज्ञा. खोत.’ निवृत्त वाहतूक नियंत्रक हे लिहून मग पुसलं. आणि या मेलला पुकारा केला नाही. “घरची गाडी हाय,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जरा उशिरा पोचले, तर दारातच शौकतभाई तोंडात पेढा घेऊन उभे. आत तात्या पेपरवाल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत फिरत होते. तक्रारवाल्या गृहस्थांना दोन दिले होते.

“आला, म्याडम! डबा परत आला!”

मला काही कळेना. तात्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि इनबॉक्स दाखवला. वर कसलासा इंग्रजी मजकूर, आणि खाली त्यांचीच कालची मेल, फणसासकट. इंग्रजी त्यांना गाडीच्या पाट्यांपुरतं येतं. पण खालची आपली मेल त्यांनी ओळखली होती.

डब्याचं मला मग कळलं. आमच्याकडं सांगलीला शिकणाऱ्या पोरांना घरचा डबा एसटीनं जायचा. सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागं डब्यांची रांग, प्रत्येकाला फडक्याची वेगळी गाठ. पोरं तिकडं स्टँडवर येऊन डबा घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत पाठवायची. त्या काळी पोरांकडं फोन कुठला? डबा परत आला, की पोरगं सुखरूप आहे आणि जेवलंय, हे घरात कळायचं. सुरेखाचा डबा हौसाकाकी भरायच्या आणि तात्या स्वतःच्या हातानं गाडीत ठेवायचे. संध्याकाळी डबा घरी गेल्याशिवाय हौसाकाकी ताट घ्यायच्या नाहीत.

“आपलंच परत आलंय बगा,” तात्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. “म्हंजे तिला पोचलं. तिनं घेतलं आन् रिकामं धाडलं. काय लिवलं न्हाई, नसू दे. डब्यात कुठं चिठ्ठी असती?”

माझ्या हातात पेढा होता. मला तो खाववेना आणि ठेववेना. वरच्या इंग्रजी मजकुरात लिहिलं होतं की हा पत्ता अस्तित्वात नाही. कित्येक वर्षं कुणी उघडलं नाही म्हणून बंद झालेलं खातं ते. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण मी त्यांची मास्तरीण होते.

“तात्या, हे सुरेखानं पाठवलेलं नाही.”

“मंग कुणी?”

“मशीननं. तो पत्ताच आता नाही. मेल पोचलीच नाही, म्हणून फिरून आली.”

तात्यांनी ऐकलं. पेढ्यांचा पुडा नीट बंद केला, त्याला दोरा गुंडाळला. “असं व्हय,” म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं की त्या इंटरनेटला खरंच कुणी मॅनेजर असता तर मी जाऊन भांडले असते.

मला वाटलं, आता ते यायचे नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आपल्या वेळेला हजर. बसले, आणि त्याच पत्त्यावर मेल लिहिली. गेली, परत आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता मेल लांबत चालल्या होत्या. पूर्वी पावसाची आणि फणसाची खबर असायची, आता मी आडून पाहिलं तर अर्धं पान भरलेलं असायचं. माझा स्वभाव तसा तापट. चारपाच दिवसांनी मी चिडलेच.

“तात्या, त्या पत्त्यावर कुणी नाही हो!”

“ठाव हाय.”

मग मी त्यांना बाजूला सरकवलं आणि शोधायला घेतलं. सुरेखाचं सासरचं नाव, हैदराबाद, तिचा विषय. कॉलेजच्या पानावर ती सापडली. खाली कामाचा मेलचा पत्ता, वर फोटो. तात्या खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ गेले.

“चष्मा लागला व्हय हिला,” ते म्हणाले.

“गेल्या वर्षी आल्या होत्या ना काकींच्या वेळी?”

“तेराव्यापतूर हुती. मी वर बघितलंच न्हाई.”

ते फोटोकडं किती वेळ बघत राहिले. केस कानाशी पांढरे झालेत, हनुवटी आईची आहे, असं स्वतःशीच काहीबाही बोलत होते. मी नवा पत्ता त्यांच्या खात्यात घालून दिला, कसा निवडायचा ते दाखवलं. काम झालं असं समजून मी पुस्तकांच्या नोंदी करायला गेले.

पण तात्या मेल सोडत राहिले ते जुन्याच पत्त्यावर. नवा पत्ता त्याच्या बरोबर खाली होता. त्यावर बोट जायचं आणि मागं यायचं. आठवडा असाच गेला. शेवटी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “तात्या, काय चाललंय हे? खरा पत्ता आहे, आणि तुम्ही नसलेल्या पत्त्यावर लिहिताय!”

तात्या हात मांडीवर ठेवून बसले होते.

“म्याडम, हितं पत्ताच न्हाई म्हणतंय. म्हंजे ती गप हाय असं न्हाई. तिला ठावच न्हाई. पर तिथं पत्ता हाय. तिथं धाडलं आन् कायच आलं न्हाई, तर?”

एवढी पुस्तकं भोवती असलेली बाई मी, पण बोलले ते शौकतभाई. ते आपल्या मापांमध्ये गुंतलेत असं मला वाटत होतं.

“तात्या, एक विचारू? रातीची शेवटची गाडी असायची. कवा कवा एक बी प्याशिंजर नसायचं. मंग तुमी काय करायचा?”

“सोडायचो की.”

“मोकळीच?”

“टायमाला सोडायचीच. वाटंवर कोन उभं हाय, आपल्याला काय ठाव?” तात्या सवयीनं बोलून गेले. बोलल्यावर शौकतभाईंकडे बघत राहिले. शौकतभाईंनी डोळे खाली करून पुन्हा मापं वाचायला घेतली.

त्या संध्याकाळी तात्या वेळ संपली तरी उठले नाहीत. पेपरवाले गेले. शौकतभाई गेले. मी खिडक्या लावल्या, कपाटांना कुलपं घातली. तात्या एका बोटानं लिहीत होते. अर्धं पान वगैरे काही नव्हतं. मला दुरूनही वाचता आलं, इतकं थोडं होतं. ‘सुरेखा, मी तुला बघितलं होतं. गाडी थांबवायला पाहिजे होती. लोकांना सांगत फिरलो ते त्याहून वाईट केलं. तात्या.’

खाली शा. ज्ञा. खोत नाही. नुसतं तात्या.

त्यांनी नवा पत्ता निवडला आणि सेंड दाबलं. पडद्यावर गेल्याचं उमटलं. आम्ही दोघंही पडद्याकडं बघत राहिलो. काही परत आलं नाही. पोचली होती.

“झालं, तात्या,” मी म्हटलं. “आता त्या कधी वाचतील ते त्यांच्यावर. उत्तर काही लगेच येत नाही. उठा, मला कुलूप लावायचंय. घरी जा, जेवा.”

तात्या उठले. छत्री घेतली, टोपी घातली, दारापर्यंत गेले. तिथं थांबले. उंबऱ्याबाहेर एक पाय होता, पण तो पुढं पडेना.

“काय झालं? काही राहिलं का?”

“न्हाई, ऱ्हायलं काय न्हाई.” ते जरा ओशाळून हसले. “पर घरी जाऊन आता कुणाला सांगायचं, धाडलं म्हणून?”

त्या अंधारल्या खोलीत मला माझ्या घाईची लाज वाटली. माझ्या घरी सासूबाई होत्या, मुलं होती, दार उघडल्या उघडल्या मला सांगायला आणि माझं ऐकायला माणसं होती. मी दिवा पुन्हा लावला. एक खुर्ची त्यांच्याकडं सरकवली, एक स्वतःला ओढली.

“मला सांगा,” मी म्हटलं.

तात्या बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि जणू मी तिथं नव्हतेच, मला काही ठाऊकच नाही, असं धरून त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. “आज पोरीला धाडलं बरं का. दुपारपतूर धीर हुईना...” मी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मध्ये मध्ये विचारत राहिले, “मग? मग काय लिहिलंत?”